दोघांच्या संमतीने

कामावरून काढलेल्या माणसाला कोणी पेढे देत नाही. म्हणून त्या गुरुवारी आमचे हे, गुणवंत, पेढ्यांचा पुडा आणि शाल घेऊन घरी आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अण्णासाहेबांनी सत्कार केला," हे म्हणाले.

"आणि नोकरी?"

"दोघांच्या संमतीने संपवली. म्युच्युअल. कागदावर तसंच लिहिलंय."

अण्णासाहेबांचा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये फरसाण-लोणच्यांचा कारखाना. तिथली सगळी खरेदी इतकी वर्षं यांच्याकडे होती. आणि म्हणे दोघांची संमती! एकाचा कारखाना, दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न. बोकडाची संमती घेऊन सुरी चालवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सासरची मंडळी मला संशयी म्हणतात. म्हणू देत. या गावात डोळे मिटून सही करणाऱ्यांची घरं मी रिकामी होताना पाहिली आहेत. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर दोन-चार महिन्यांनी कोणाचा तरी सोफा लिफ्टमधून खाली जातो.

आमचा प्रश्न सोफ्याचा नव्हता, लेकीचा, मिहिकाचा होता. ती दहावीला, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. आता मध्येच उचलून सांगलीला नेली तर वर्ष पाण्यात. व्हिसाची मुदत कशीबशी परीक्षेपर्यंत पुरत होती, पण तोवर भाडं आणि शाळेची फी कुठून आणायची? एकच आधार होता. नोकरी गेलेल्याला इथे तीन महिने विम्याचे पैसे मिळतात. अट एवढीच, की मालकाने काढलेलं असावं. स्वतःहून सोडली असेल तर काही नाही.

यांनी अर्ज केला तो माझ्यासमोर. मी शेजारी बसूनच होते. त्यानंतर मात्र विचारलं की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे. इन्शाल्ला होईल."

रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. इंटरव्ह्यू म्हणायचे. एकदा मी गॅलरीतून पाहिलं, तर खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसलेले, काच वर करून. तासाभराने पुन्हा पाहिलं, तरी तिथेच. संध्याकाळी विचारलं, "कसा झाला इंटरव्ह्यू?" तर म्हणाले, "चांगला झाला." मी वरणाला फोडणी दिली आणि गप्प राहिले. माझं गप्प राहणं किती वाईट असतं ते यांना ठाऊक आहे.

मग एक दिवस जेवताना खाली मान घालून म्हणाले, "क्लेम रिजेक्ट झाला. खलास."

"का?"

"कंपनीने काहीतरी सांगितलं असेल."

बस, मला हवा तो माणूस सापडला. शाल घालायची, पेढे भरवायचे आणि मागून विमावाल्यांना सांगायचं की यानेच सोडली. रात्रभर मी मनातल्या मनात अण्णासाहेबांची सालटी काढली. सकाळी हे बाहेर पडल्यावर टॅक्सी केली आणि सरळ कारखाना गाठला.

अण्णासाहेब केबिनमध्ये होते. मला पाहून उठले. "या वहिनी. चहा सांगू?"

"चहा नको. आमच्या पोटावर पाय का दिलात तेवढं सांगा."

मी सगळं बोलून घेतलं. मिहिकाची परीक्षा, भाडं, त्यांची शाल. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि त्याचाही मला संशय आला.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "मालाचा खप निम्म्यावर आलाय. पाच जणांना काढावं लागलं, त्यात गुणवंत. मी काढल्याचंच पत्र देत होतो. तोच म्हणाला, सर, तसं नको, दोघांच्या संमतीने लिहा. शालसुद्धा त्याच्या समाधानासाठी. नंतर विमावाल्यांचा फोन आला, की या संमतीचा अर्थ काय? मी सांगितलं, आम्ही काढलं."

"कशावरून?"

त्यांनी कमरुद्दीनभाईंना हाक मारली. कारखान्याचा हिशोब बघणारा हा म्हातारा मालकालाही तोंडावर नाही म्हणतो, हे मी यांच्याकडूनच ऐकलेलं. तो दारातच उभा राहिला. "भाभीजी, मैं यहीं बैठा था. सर ने साफ़ बोला, हमने निकाला है. उन लोगों ने कहा, आपका आदमी तो बोलता है खुद छोड़ा."

"मी त्याला लगेच फोन केला," अण्णासाहेब म्हणाले. "दोनदा. त्याने उचलला नाही."

मी तिथून निघाले. परतीच्या टॅक्सीत नुसता विचार. हातातोंडाशी आलेला घास माणूस स्वतः का टाकतो? ज्याला दुसरीकडून मिळतं तोच. कुठून मिळतं? कोण देतं? गाडीत तासन् तास काच वर करून कोणाशी बोलतात? सांगायला लाज वाटते, पण ट्रेड सेंटरच्या सिग्नलला येईपर्यंत मी त्या बाईला नाकीडोळी नीटस करून ठेवलं होतं.

दुपारी मिहिका शाळेतून आली. मी सरळ विचारलं, "बाबा फोनवर कोणाशी चोरून बोलतात का गं?"

"चोरून? नो." तिने बॅग टाकली. "एव्हरीथिंग इज ऑन कार स्पीकर. सो एम्बॅरसिंग."

"काय एम्बॅरसिंग?"

तिने सांगितलं. मागच्या आठवड्यात हे तिला अल बर्शाच्या ट्यूशनहून आणत होते. मागच्या सीटवर तिच्या दोन मैत्रिणी, शुभ्रा आणि वैभवी. तेवढ्यात फोन आला आणि गाडीभर एका बाईचा आवाज घुमला, "सर, आपको कंपनी ने निकाला या आपने खुद छोड़ा?"

"मग?"

"ही सेड, नहीं नहीं, मैंने छोड़ा. माय चॉइस. ट्वाइस, आई. ही सेड इट ट्वाइस."

मी खुर्चीत बसले. माझ्या डोक्यातली ती नीटस बाई विमा कंपनीची निघाली. इतका राग आला होता की यांना समोर उभं करून झाडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी यांची कीवही आली. तीन मुलींसमोर एका माणसाने आपली अब्रू झाकली, आणि त्यातल्या एकीचंच वर्ष त्याखाली गेलं.

"तुझ्या मैत्रिणींना काही कळलं नसेल ना?" मी विचारलं.

"आई, प्लीज. शुभ्राला माझ्याआधी कळलं होतं. एव्हरीबडी नोज. ओन्ली बाबा थिंक्स वी डोन्ट."

संध्याकाळी हे आले. मी बूट काढायचीही उसंत दिली नाही. "अहो, मी अण्णासाहेबांकडे जाऊन आले."

यांचा चेहरा उतरला. सोफ्याच्या कडेवर टेकले. "साधना, मागे मुली बसलेल्या. काय सांगणार होतो? की तुझ्या बापाला हाकललं?"

मी म्हटलं, "आता लावा फोन. चूक झाली म्हणा. ऐकलं तर ऐकलं."

यांनी नंबर लावला आणि सवयीने उठून बेडरूमकडे निघाले. दाराशी पोहोचले, तोच टेबलावर गणितं सोडवणारी मिहिका म्हणाली, "हिअर, बाबा. स्पीकरवर."

हे वळले. माझ्याकडे पाहिलं, तर मी नजर दुसरीकडे वळवली. मग येऊन तिच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक बाई बोलली. नाव, नंबर झालं.

"सर, पिछली बार तो आपने कहा था कि आपने खुद छोड़ा."

"पिछली बार मेरी बेटी गाड़ी में थी, मॅडम."

"और अब, सर?"

"अब भी है. सामने बैठी है." यांनी मिहिकाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "मुझे निकाला गया."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला, मग थांबला.

"सर, आवाज़ ठीक से नहीं आई. कॉल रेकॉर्ड हो रहा है. ज़रा ज़ोर से बोलेंगे?"

गॅलरीचं दार उघडं होतं. एरवी मी धावत जाऊन लावलं असतं. मी जागची हलले नाही, आणि हे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले, "मुझे निकाला गया."