हवेचा पंप

मित्रांनो, आमच्याकडे तपासून गेलेल्या मावशी वारल्याचं मला कळलं, त्या दिवशी त्यांचे यजमान, काका, मुलीला घेऊन तपासणीच्या खोलीत आले होते.

"काय काका, मावशींना घरी ठेवून आलात?" सिस्टरनी विचारलं. "त्यांना केव्हाच बोलावलं होतं."

"ती गेली हो," काका म्हणाले. "आतड्यातली गाठ पसरली. आईला होती म्हणून आता हिलाही तपासून घ्या म्हणतात डॉक्टर."

सिस्टर स्टुलावर बसल्या.

मी याच खोलीतला एक जुना, करड्या रंगाचा सिलिंडर आहे. भिंतीला साखळीने बांधलेला. माझ्यात कार्बन डायऑक्साइड भरतात, तुमच्या उच्छ्वासात असतो तोच. कारखान्यात मला पाण्याचा दाब देऊन पारखलं, खांद्यावर आकडे ठोकले. गॅस भरायला जाता-येता टेम्पोत आपटून आता रंगाचे टवके उडालेत.

दुर्बिणीने आतडं पाहायचं तर ते आतून थोडं फुगवावं लागतं. पूर्वी त्यासाठी साधी हवा सोडत. ती पोटात रेंगाळायची आणि माणूस घरी जाऊन कळवळायचा. माझा गॅस लवकर रक्तात मुरतो आणि श्वासावाटे निघून जातो. त्यामुळे सुरुवातीला माझं फार कौतुक झालं.

पण मला उघडलं की शेजारचा हवेचा पंप बंद करावा लागतो, नाहीतर साधी हवाही पोटात जात राहते. सिस्टरच्या हाताला तो चालू करायची वर्षानुवर्षांची सवय. मावशींच्या वेळी मीही उघडा होतो आणि पंपही चालू राहिला. दुर्बिणीतूनच गाठ काढताना तिचा थोडा भाग उरला, तो पुढच्या खेपेला काढणार होते. संध्याकाळी आवराआवर करताना सिस्टरना पंप चालूच दिसला, तोवर मावशी घरी गेल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि लगेच मावशींना फोन लावला. चूक आमची झाली, पुढच्या वेळी असं दुखणार नाही, म्हणाल्या.

"तुमचा गॅस तुम्हालाच लखलाभ," मावशी फोनवर कण्हत म्हणाल्या. "पोटाचा नुसता नगारा झालाय. मी काही परत येत नाही."

आणि त्या आल्या नाहीत.

मुलीच्या वेळी सिस्टरनी पंप बंद केला आणि डॉक्टरांनाही पाहायला लावलं. हल्ली दोघंही पाहतात. मग माझा कॉक उघडला. तपासणीत काही वावगं निघालं नाही. थोड्या वेळाने मुलगी उठून बसली.

"पोट दुखतंय का गं?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा. भूक लागलीय."

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"हिच्या आईला फोनवर सांगून पटणारच नव्हतं," ते सिस्टरना म्हणाले. "तिला एकदा असं उठून बसायला मिळायला हवं होतं."

मित्रांनो, नवं साधन आणलं की जुन्या सवयीकडेही लक्ष ठेवा. आणि घरातलं कुणी तपासणी टाळत असेल, तर नेमकी कशाची धास्ती वाटते, ते जवळ बसून विचारा.

काका मुलीला घेऊन गेले. सिस्टरनी माझा कॉक बंद केला. मावशींची दुसरी तपासणी तेवढी राहून गेली.