साडेअठरा मुलं

शिवणवर्गात सगळे त्यांना काकू म्हणत. एकोणीस वर्षं काकू तिथे मदतनीस होत्या. म्हणजे शिकवत त्याच, फक्त शिक्षिका म्हणून नाव दुसऱ्या बाईंचं. त्या बाई आता निवृत्त होणार होत्या आणि ती जागा काकूंना मिळायला एकच गोष्ट आडवी येत होती, ती म्हणजे दहावी. बाकीचे विषय सुटले होते. गणितात मात्र दोनदा आपटल्या होत्या, आणि जागा भरण्याआधी आता ही शेवटचीच परीक्षा उरली होती.

घरात गणिताची शिक्षिका होती, पण ती नेमकी सून. जिला आमटीत मीठ किती घालायचं ते आपण शिकवलं, तिच्यासमोर वही उघडून बसायचं काकूंच्या अगदी जिवावर आलं. पण अडल्यावर करतात काय? बसल्या.

सून चिडायची नाही. चिडावं असं काही घडतही नव्हतं. काकू क्ष मानायच्या, समीकरण नीट मांडायच्या, पायरीपायरीने उतरत यायच्या आणि शेवटी भलतंच काहीतरी लिहून ठेवायच्या. वडिलांचं वय साडेचाळीस. सहलीला गेलेली मुलं साडेअठरा.

"आई, अर्धं मूल सहलीला कसं जाईल?" सुनेने एकदा विचारलं. काकूही हसल्या. मग ते उत्तर खोडून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागल्या.

एका रविवारी सून जुन्या वह्या घेऊन बसली. चुकलेलं प्रत्येक उत्तर अर्ध्यानेच चुकलं होतं, आणि तेही जास्तीच्या बाजूला. कमी एकदाही नाही. तिने ते काकूंना दाखवलं आणि असं का होतं ते हळूच विचारलं.

काकूंनी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "शिवणीत अर्धा इंच जातो ना गं. माप घेतलं की हात आपोआप वाढवून लिहितो." आणि मागचंही सांगून टाकलं. सोळाव्या वर्षी शिंप्याच्या दुकानात कामाला असताना त्यांनी पहिला कोट कापला, तो दोन बोटं कमी पडला. दुकानाच्या मालकाने तो महिनाभर दारातच टांगून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावा म्हणून. तेव्हापासून काही कमी पडेल या धास्तीने त्यांनी नेमका आकडा कधी लिहिलाच नव्हता.

सुनेला भरून आलं. तिने उपदेश केला नाही. एवढंच सांगितलं की उत्तर आलं की ते आधी गणितात परत घालून पडताळायचं, आणि हात शिवशिवलाच तर वाढीव आकडा कच्च्या कामाच्या रकान्यात लिहायचा. तिथे कोणी गुण कापत नाही.

ही युक्ती लागू पडली. परीक्षेत काकूंनी बीजगणिताची उदाहरणं अशीच सोडवली. कच्च्या रकान्यात साडेबारा, साडेसहा, साडेवीस अशी रांग लागली आणि उत्तरात नुसते बारा, सहा, वीस.

शेवटी संख्याशास्त्राचं उदाहरण आलं, चार गुणांचं. आठ मुलींची वजनं दिली होती, सरासरी काढायची होती. बेरीज आली तीनशे. आठाने भागलं. साडेसदतीस.

काकू तिथेच अडल्या. हा अर्धा गणितातला की आपल्या हातातला? हात कधी वाढवतो ते पडताळल्याशिवाय त्यांना कळतच नसे. आजवर प्रत्येक अर्धा त्यांचाच निघाला होता. त्यांनी खोडायला पेन टेकवलं. पाचच मिनिटं उरल्याचं पर्यवेक्षकांनी सांगितलं. काकूंनी पेन उचललं आणि साडेसदतीसला आठाने गुणलं. तीनशे. विश्वास बसेना म्हणून आठही वजनं पुन्हा एकेक करून मिळवली. तीनशेच. मग त्यांनी ते उत्तर तसंच ठेवलं आणि पेपर देऊन टाकला.

निकाल सुनेनेच मोबाईलवर बघितला. उत्तीर्ण व्हायला लागतात त्यापेक्षा दोन गुण जास्त होते. परीक्षेच्या दिवशी काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे तिने त्या उदाहरणाचे चार गुण मनातल्या मनात वजा केले आणि ती हबकलीच.

"आई, तो अर्धा खोडला असता तर नापास झाला असतात."

"खोडतच होते," काकू म्हणाल्या. "पण दोनदा मोजलं. दोन्ही वेळा बरोबर आलं. मग म्हटलं, बरोबर आहे तर आता घाबरायचं कुणाला?"

एवढं बोलल्या, आणि आजवर सुनेपुढे डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या काकू तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या.