कापडाच्या कुत्र्याला दाखवलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना कुत्रा आहे, पण आजवर एकदाही भुंकलेलो नाही. मी कापडाचा आहे. डिचोलीतल्या एका प्रशिक्षण केंद्रात जनावरांच्या परिचारिका तयार होतात. तिथल्या कपाटात माझा मुक्काम असतो. मला सुखदुःख फारसे कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोरोना आला त्या वर्षी माझा जन्म झाला. खऱ्या कुत्र्याला पट्टी बांधायची तर एकीने डोके धरायचे आणि दुसरीने पाय. म्हणजे दोघींची तोंडे जवळ येणार. म्हणून परीक्षेला खरा कुत्रा नको असे ठरले. केंद्रातल्या शेवंतीबाईंनी जुना पडदा शिवून, आत कापूस भरून मला उभे केले. डोळ्यांच्या जागी कोटाची दोन बटणे लावली. सगळ्यांनी कौतुक केले. मी गप्प होतो.

परीक्षेचे नियम कडक होते. खिडक्या उघड्या, खोलीत एका वेळी एकच मुलगी, परीक्षक पिवळ्या रेषेपलीकडे. त्यांना जवळ येऊन पट्टी चाचपता येत नसे, म्हणून मुलींनी प्रत्येक कृती मोठ्याने बोलून दाखवायची. मास्क खाली आला की परीक्षा रद्द. प्रत्येकीनंतर शेवंतीबाई मला औषधाने पुसत. पुसून पुसून माझे काळे नाक पांढरे पडले.

परीक्षेत पाचवा नंबर सुर्ल्याच्या गौरवीचा होता. ती एका दवाखान्यात मदतनीस होती; पास झाली तरच तिथली जागा तिला कायमची मिळणार होती. मास्क लावलेली माणसे पाहून तिथली कुत्री गुरगुरत. म्हणून ती आधी लांब उभी राहून त्यांना चेहरा दाखवायची, दोन शब्द बोलायची आणि मग मास्क चढवून हात लावायची. काही महिन्यांत ती सवय अंगात मुरली होती.

ती आत आली, तिने माझ्या बटणांकडे पाहिले आणि मास्क खाली ओढला.

“भियेनाका रे पुता, हांव आसां,” भिऊ नकोस, मी आहे, असा धीर देत ती म्हणाली.

परीक्षक श्रीनाथ सर पेडण्याचे, मवाळ माणूस.

“गौरवी, तो कापडाचो गो,” ते म्हणाले. “नेम तो नेम.”

तिने मास्क वर केला आणि ती निघून गेली. तिने मला हातही लावला नव्हता. तरी शेवंतीबाईंनी मला पुसले.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. एव्हाना दवाखान्यातल्या जागेवर दुसरी कोणी लागली होती, असे शेवंतीबाई सांगत होत्या. या वेळी तिचा मास्क जराही हलला नाही. सगळ्या कृती तिने मोठ्याने सांगितल्या, पट्टी नीट बांधली. माझ्या डोळ्यांकडे तिने पाहिले नाही. ती पास झाली. बरे झाले, असे सगळे म्हणाले.

आता परीक्षेला खरी कुत्री येतात. मी कपाटात असतो, मला कोणी पुसत नाही. त्याचे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मुक्या जनावराला हात लावण्याआधी दोन पावले लांब थांबा आणि त्याला तुमचा चेहरा पाहू द्या. मला आजवर पस्तीस जणींनी पट्ट्या बांधल्या. चेहरा मात्र मला एकीचाच ठाऊक आहे.