सात नंबरची प्रत

"अगं, हे शिंप्याचं आहे." नर्सबाईंनी पत्रकावरचं नाव वाचलं आणि ते खुशाल काखेत मारलं.

"मग द्या ना परत. त्यांना नेऊन देते."

"कशाला? संध्याकाळी मी देईनच की. माझं तो घेऊन येईल."

मी घामाघूम होऊन पायरीखाली उभी होते. नवे बूट चावत होते. अकराला चर्चमध्ये बाबांच्या स्मरणाची उपासना होती, तिथं मला चार शब्द बोलायचे होते, आणि मी सकाळी साडेनऊला चर्चचं मासिक पत्रक वाटत फिरत होते. भावाचे दोन फोन येऊन गेले होते. पण घरात बसवतच नव्हतं. चार शब्द लिहायला बसावं तर पहिल्या ओळीलाच पेन अडायचं. शेवटी कपाटावरून बाबांची खाकी पिशवी खाली काढली. ती तिथं मीच लपवली होती.

बाबा चौतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावरही पाय घरात ठरेनात, म्हणून चर्चचं पत्रक वाटायचं काम त्यांनी मागून घेतलं. त्यातच कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या आजारपणात उशाशी बसून राहा. पत्रकांवर नावं स्वतः लिहायचे, कोपऱ्यात पेन्सिलीनं घरनंबर टाकायचे आणि गठ्ठा बिटाच्या, म्हणजे टपालाच्या जुन्या फेरीच्या, क्रमानं लावायचे. आमच्या घरी मात्र दोन वर्षांत एकही पत्रक आलं नाही. "दिव्याखाली अंधार," मी म्हणायची. "टाकलंय की," ते म्हणायचे. त्यांचं विसरणं वाढतच होतं, म्हणून मी वाद घालत नव्हते.

मग मागच्या महिन्यात एका शहाण्यानं मला रस्त्यात गाठून सांगितलं, की तुमचे वडील भलत्याच दारात भलत्याच नावाचे कागद देतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या महिन्याचा गठ्ठा पिशवीत भरून तयार होता, तो तसाच कपाटावर गेला. बाबा खाटेखाली, जिन्याखाली पिशवी शोधत राहिले. "बीट राहिलंय गं," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मी वैतागून सांगितलं, "चर्चनं पत्रक बंद केलंय, बाबा. कुणी वाचत नाही."

ते खाटेवर बसले. पुन्हा पिशवीचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांनी गेले. खोटं बोलले ते बोलले, वर 'कुणी वाचत नाही' कशाला जोडलं मी? हे उपासनेत कसं सांगायचं?

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी नर्सबाईंना विचारलं.

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. या घरात शिंपी राहायचा, वीस वर्षांपूर्वी. तुझ्या वडिलांच्या बिटात तो अजून इथंच राहतो. त्यांच्या लेखी मी राहते भिंतीपलीकडे, आता शिंपी राहतो त्या घरात. चष्मेवाला आणखी कुठं."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"काय बोलायचं? काका, तुमच्या डोक्यातली गल्ली मोडली म्हणून?"

"हसत असतील लोक."

"हसलो की. पहिल्या महिन्यात मीच पोट धरून हसले." त्यांनी पत्रकाची घडी नीट केली. "शिंप्याचं आणि माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं, एका भिंतीवरून. आता दर महिन्याला एकमेकांच्या दारात जायचं म्हटल्यावर तोंड फिरवून किती दिवस बसणार? या महिन्यात काका आले नाहीत, तेव्हाच जिवात धस्स झालं."

मी निघाले. दहा वाजून गेले होते. पेन्सिलीचा नंबर बघायचा, दोनदा ठोठावायचं, कागद द्यायचा. चष्मेवाल्यानं कुणा तिसऱ्याचंच पत्रक घेतलं आणि कपाळाला लावलं. एकानं दार उघडताच सवयीनं विचारलं, "आज कुणाचं?" मग मला बघून तो ओशाळला. मला बसायला सांगत होते, पण एका जागी उभं राहणंही जमत नव्हतं. पाचव्या दारानंतर लक्षात आलं, की ठोठावल्यावर मी पायरी उतरून खाली उभी राहतेय. बाबा तसंच उभे राहायचे. टपालवाल्यानं उंबऱ्यावर उभं राहू नये, म्हणायचे.

गठ्ठ्यात शेवटचं एकच उरलं. त्यावर आईचं नाव होतं. कोपऱ्यात नंबर सात.

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. सात नंबर म्हणजे पोस्टाच्या जुन्या क्वार्टर्समधलं आमचं घर, बाबा निवृत्त झाल्यावर सोडलेलं; आता तिथं भाडेकरू असतात. आई टेलिफोनमध्ये रात्रपाळी करायची आणि सकाळी झोपायची. दार आपटलं की आम्हा भावंडांच्या पाठीत धपाटा बसायचा. फोन वाजला. "ताई, लोक जमलेत! कुठं आहेस तू?" "आलेच," म्हटलं आणि उलट्या दिशेनं धावत सुटले.

सात नंबरचं दार बसकंडक्टर बाईनं उघडलं. अंगात गणवेश, तोंडात केसांची पिन. माझ्या खांद्यावरची पिशवी तिनं लगेच ओळखली.

"तुम्ही त्यांची मुलगी ना? थांबा, ठेवलीत सगळी." तिनं फळीवरून पत्रकांची चळत काढून माझ्या हातात दिली. एकही दुमडलेलं नव्हतं. सगळ्यांवर आईचं नाव, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात. "मी काही तुमच्या चर्चची नाही. पण टाकून कशी देणार? दर महिन्याला द्यायचे आणि हळूच विचारायचे, बाई झोपल्यात का?"

"मग?"

"पहिल्यांदा मी गोंधळले. मग म्हटलं, हो, आत्ताच डोळा लागलाय. तर म्हणाले, असू दे, उठवू नका. आणि स्वतःच दार ओढून घेऊन जायचे, कडीचासुद्धा आवाज नाही." तिनं पिन केसांत खोचली. "आज तुम्ही आलात? बाबा बरे आहेत ना?"

मी शेवटचं पत्रक तिच्या हातात दिलं. खिशात फोन पुन्हा थरथरू लागला होता.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पत्रक हळूच फळीवर ठेवलं. मी पायरी उतरले, मग पुन्हा वर चढले आणि कडी हातात धरून दार हळूच ओढून घेतलं.