बहुमताने नाहीशी झालेली साखर

मुख्याध्यापक शिबिराहून परतले ते नवं खूळ डोक्यात घेऊनच. नववीच्या वर्गाची त्यांनी चाचणी घेतली आणि मुलांचे तीन गट पाडले: चित्रविचारी, तर्कविचारी, संवादविचारी. ज्याला त्याला त्याच्या पद्धतीनेच शिकवायचं, असं त्यांनी रसायनशास्त्राच्या बाईंना बजावलं.

बाईंना फक्त साखर पाण्यात विरघळते म्हणजे काय होतं, एवढंच शिकवायचं होतं.

चित्रविचाऱ्यांनी साखरेचा दाणा काढला आणि त्याला रडके डोळे दिले. तर्कविचारी, जे दिसत नाही ते असतं का, यावर अडून बसले. चमच्याला त्यांनी हातही लावला नाही. संवादविचाऱ्यांनी हात वर करून मतं घेतली. साखर बहुमताने नाहीशी झाली.

"अरे, पण पाणी गोड लागेल ना?" बाई म्हणाल्या.

"प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय," तर्कविचाऱ्यांपैकी एक म्हणाला.

चित्रविचाऱ्यांत एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून वर्ग तिला पणताई म्हणायचा.

"पण बाई, साखर टाकण्याआधी आणि नंतर वजन केलं तर?"

तिने पाण्याचा पेला आणि साखर एकत्र तोलली. मग साखर ढवळून पुन्हा तोलली. काटा तसूभरही हलला नाही. संवादविचाऱ्यांनी फेरमतदानाची मागणी केली.

दुसऱ्या दिवशी पणताईचे वकील वडील शाळेत हजर. "आमच्या घराण्यात सगळे तर्काने चालणारे. पोरीला चित्रांत कसं ढकललंत?"

मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे चौथा गट काढला: वजनविचारी. त्यात एकटी पणताई. तराजूही तिचाच, इतरांच्या डोक्याला तो मानवणार नाही, म्हणून त्यांनी लांब राहायचं.

सगळा वर्ग तराजूकडे टकामका बघत बसला. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, फेरचाचणी घेऊ या," त्या गोड आवाजात म्हणाल्या. आणि वर्गात जाऊन विचारलं, "तराजू कोणाकोणाला हवाय? मग नीट विचार करून उत्तरं द्या."

मुलांनी नीट विचार केला. सगळाच्या सगळा वर्ग वजनविचारी निघाला. मुख्याध्यापक हरखले. अशी दुर्मीळ तुकडी आपल्याच शाळेत असावी, हे सांगायला ते लगोलग पुढच्या शिबिराला गेले.

इकडे तराजूभोवती धक्काबुक्की सुरू झाली. मीठ टाकलं, ते दिसेनासं झालं, वजन तेवढंच. मग कोणी खडूची पूड टाकली. ती तळाशी जाऊन बसली.

"ही का नाही विरघळत?"

"तू नीट ढवळलं नसशील."

"पण मघाशी मीठ तर न ढवळताच गेलं," पणताई म्हणाली.

एकाने वहीत पेला काढला, दुसऱ्याने त्याची चूक दाखवली, बाकीचे त्यावर तावातावाने बोलू लागले. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. बाईंनी हळूच दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "आता वाळू टाकून बघा."