ओडेसाचा ट्रम्पेट

मित्रांनो, मी एक जुना, पोचा आलेला ट्रम्पेट आहे. माझी उमेदीची वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कॉलेजात गेली. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती त्या काळात काळ्या लोकांनी आपल्या मुलांसाठी ते उभारलं होतं. तिथला बँड मैदानात उतरला की म्हाताऱ्या प्राध्यापिकाही खुर्चीवर बसून राहत नसत. त्या बँडची म्होरकी होती ओडेसा. तालमीत कुणी अडखळलं, तर ती त्याच्या शेजारी उभी राहून मला वाजवायची. तिच्या ओठांशी असताना मला स्वतःचा अभिमान वाटे.

पुढे शिकायला ती मला घेऊन नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आली. विद्यार्थ्यांच्या घरात शेजारच्या खोलीत पुण्याची भार्गवी राहत होती. चार माणसांपुढे भार्गवीच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि तिला विद्यार्थी परिषदेवर निवडून यायचं होतं. ओडेसाने तिला भाषण करायला शिकवलं. बोचऱ्या वाऱ्यात कॅन्टीनबाहेर ती मला वाजवी, मुलं सायकली थांबवून गोळा होत, मग भार्गवी बोले. भार्गवी निवडून आली. ओडेसाला मिठी मारून म्हणाली, "तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस."

डिसेंबरात सिंटरक्लास या भेटवस्तू वाटणाऱ्या संताच्या डच सणाला घरात सगळ्यांचं जेवण होतं. दोन मुलं त्या संताच्या काळ्या नोकराचं सोंग घेऊन, तोंडाला काळा रंग फासून आली. एकाने मला ओडेसाच्या हातून हिसकावलं.

"नाचून दाखव, मग देतो."

ती नाचली नाही. त्याने मला जिन्याच्या कठड्यावर आपटलं. माझा कर्णा चेपला. सगळे हसले. भार्गवी ताटं घेऊन दारातच उभी होती.

ओडेसाने तक्रार केली आणि साक्षीला भार्गवीचं नाव दिलं. पण भार्गवीला आता परिषदेची अध्यक्ष व्हायचं होतं, आणि त्या मुलांच्या हातात बरीच मतं होती. चौकशीत पुरावा म्हणून मी टेबलावरच होतो.

"मी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "मला काही दिसलं नाही."

ओडेसा खोटारडी ठरली. सणाचा विचका केला म्हणून तिनेच माफी मागावी, असं सांगण्यात आलं. तिने मागितली नाही. शिक्षण अर्धवट टाकून ती मायदेशी परतली. मी टेबलावरच राहिलो. "मी पाठवते तिला," असं म्हणून भार्गवीने मला उचललं, आणि कधीच पाठवलं नाही.

भार्गवी अध्यक्ष झाली. मग आइंडहोवनला मोठ्या हुद्द्याची नोकरी, देवदत्तशी लग्न, जवळच्याच न्यूनेन गावात घर. मला तिने दिवाणखान्यात टांगलं, पोचा भिंतीकडे करून. "माझ्या एका काळ्या मैत्रिणीने निरोपाला दिलाय," ती पाहुण्यांना सांगे. लोक तिचं कौतुक करत. माझ्या कळा गंजून घट्ट झाल्या.

गेल्या वसंतात ओडेसा आली. ती आता आपल्याच कॉलेजची प्राचार्य होती, आणि विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी भार्गवीच्या कंपनीशी करार करणार होती. भार्गवीने तिला आणि आपल्या डच साहेबांना घरी जेवायला बोलावलं. ओडेसाची नजर माझ्यावर पडली. तिने मला उतरवलं, उलटं केलं.

"हा मी तुला कधी दिला?"

"अगं, किती वर्षं झाली! विसरलीस तू."

"हा पोचा कसा पडला, ते सांग यांना."

भार्गवीने नवऱ्याकडे पाहिलं. "देवदत्त, आमटी गरम करतोस का?"

ओडेसाने मला ओठांना लावलं. कळ दबेना. माझ्यातून नुसती हवा निघाली. तिने मला खाली ठेवलं आणि साहेबांकडे वळली.

"करार मी करणार आहे. माझ्या मुलांना काम शिकायचंय. फक्त त्यांना या बाईंच्या हाताखाली देऊ नका."

कोट चढवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भार्गवीने मला नगरपालिकेच्या भंगार केंद्रावर नेलं.

"नक्की टाकायचा?" तिथल्या माणसाने विचारलं.

"वाजत नाही तो."

आता मी मोडक्या सायकलींखाली पडलो आहे. लवकरच सगळं भट्टीत जाईल. मित्रांनो, वाद्यं जपा. पण माणसंही जपा. कुणावर अन्याय होताना तुम्ही तिथे असाल, तर 'मी तिथे होतो' एवढं तरी मोठ्याने सांगा. मला बोलायला दुसऱ्याचा श्वास लागतो. तुमच्याजवळ तुमचा आहे.