अकरा पानी सासू, चार पानी सून

सासूच्या अहवालाला अकरा पानं होती आणि नोहेमीच्या अहवालाला चार. वकीलबाईंच्या टेबलावर ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते.

विल्बर हा एल्बिराचा मुलगा आणि नोहेमीचा नवरा. त्याला मायदेशी, एल साल्वादोरला परत पाठवलं तर दहा वर्षं अमेरिकेत येता येणार नव्हतं. त्याच्याविना आई आणि बायको यांचे किती हाल होतील, हे मानसशास्त्रज्ञ डॉक्टरीणबाईंच्या अहवालातून सरकारला पटवता आलं, तरच तो ह्यूस्टनमध्ये राहण्याची आशा होती.

"आईंचा उत्तम झालाय," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचा असाच जोडला तर केस बुडेल. 'झोप चांगली, भूक चांगली, चिंता नाही.' हे काय सांगून आलात?"

नोहेमी इस्त्रीचा ब्लाउज घालून, ओठ रंगवून, डॉक्टरीणबाईंसाठी गरम पुपुसा, म्हणजे चीज भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, घेऊन गेली होती. कुणी कसं आहे विचारलं, की देवाच्या दयेने बरं, असं म्हणायचं, ही तिच्या गावची रीत. परक्यापुढे रडगाणं गाणारी बाई हलकी. एल्बिराही त्याच गावची. पण तिने रीत दाराबाहेर ठेवली होती.

"लेकासाठी लाज कसली, पोरी?" परतताना गाडीत सासू म्हणाली. "आईचं काळीज ते आईचं. बायकोला काय, दुसरा मिळतो."

नोहेमीने ब्रेक असा दाबला, की सासूची पर्स पायाशी पडली.

पुढच्या मंगळवारी मानसशास्त्रज्ञ डॉक्टर अर्गुएयोंनी तिला पुन्हा बसवलं. सासू सोबत आली होती, ती बाहेर थांबली.

"विल्बर चौदा दिवस अटकेत होता, तेव्हा तुमचं कसं चाललं होतं?"

"देवाच्या दयेने..."

"नोहेमी."

"आईंनी सांगितलं असेल ना, घास उतरला नाही म्हणून?"

"त्यांचं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"उतरला! रोज मी चमच्याने सूप भरवलं. त्या त्याची चादर छातीशी धरून बसायच्या. ती चादर मला हवी होती, डॉक्टर. पण सासूच्या हातून ओढून कशी घेऊ? मग मी खाली त्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसायचे. तिथे त्याच्या कामाच्या रंगाचा वास यायचा. मुलीला शाळेतून आणायला विसरले. दोनदा. हे विल्बरलाही माहीत नाही."

डॉक्टर लिहीत होत्या.

"तो गेलाच, तर एल्बिराबाईंना कोण बघेल?"

"मीच. आणखी कोण?" असं म्हणाली आणि थबकली. "दहा वर्षं एका स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. भांडायचं तरी कुणावरून?"

तिला हसायचं होतं. आला तो हुंदका. मग दुसरा. ओठांचा रंग रुमालावर उतरला तरी हुंदके थांबेनात. डॉक्टरांनी पान उलटलं आणि त्या पुन्हा लिहू लागल्या.

बाहेर एल्बिरा खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिने सुनेचे डोळे निरखले.

"रडलीस?"

"हो."

"मी पाऊण तास रडले होते."

नोहेमी वीसच मिनिटं रडली होती.

"मी एक तास," ती म्हणाली आणि सासूला उठवायला हात पुढे केला.